चंबू हातातून निसटला आणि गाडीची काच फुटूनही जागेवर राहायला शिकली

नगर-मनमाड रोड, ऊसतोडीचा सीझन. पुढे खडीचा डंपर, मागे तुम्ही. अंतर ठेवायला पाहिजे हे कळतंय, पण मागचा ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतोय. तेवढ्यात टक्क असा आवाज येतो.

समोरच्या काचेवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण पडलेली असते.

राहुरीला थांबून तुम्ही ती बोटाने चाचपून बघता आणि काही नाही म्हणून सोडून देता. पुढे बाहेरून ऊन, आतून एसी. काच एका बाजूने तापते, दुसऱ्या बाजूने गार होते आणि त्या खुणेला पाय फुटतात. शिर्डीचं दर्शन करून परत नगरला येईस्तोवर काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ गेलेली असते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण रोडला सगळे अजून नगर-मनमाडच म्हणतात.)

आता गॅरेजला जाऊन काच बदलायची, खर्च किती येणार, इन्शुरन्स मिळणार का, ही सगळी डोकेदुखी सुरू होते. पण या सगळ्यात एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. एवढी तडकलेली काच खाली पडली कशी नाही? तुकडे अंगावर आले कसे नाहीत?

कारण ती एक काच नसतेच. त्या दोन काचा असतात आणि मधोमध प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा तिथं आणून बसवणारा माणूस गाड्यांच्या धंद्यातला नव्हता. तो होता पॅरिसमधला एक चित्रकार. रसायनं हा त्याचा दुसरा उद्योग. नाव एदुआर बेनेदिक्त्युस.

जन्म २९ जून १८७८, गाव पॅरिस. गडी नेमका काय करायचा हे एका शब्दात सांगणं अवघड आहे. चित्रं काढायचा, पुस्तकांची बांधणी करायचा, संगीत रचायचा, लिहायचा आणि शिवाय प्रयोगशाळेत रसायनं ढवळत बसायचा. १९०० च्या आसपास पॅरिसमध्ये कवी, संगीतकार आणि चित्रकार मंडळींचा एक कंपू होता. ‘लेझ अपाश’ नाव, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत टपोरी गँगच. पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार मोरिस राव्हेल त्यातलाच. बेनेदिक्त्युस पण त्याच कंपूत होता.

तर झालं असं की, १९०३ साली बेनेदिक्त्युस आपल्या प्रयोगशाळेत शिडीवर चढून वरच्या फळीवरचं सामान काढत होता. हात लागला आणि काचेचा एक चंबू खाली फरशीवर पडला. खळकन आवाज आला. आता सगळीकडे काचा झाल्या असणार म्हणून तो खाली उतरला, तर बघतो तर काय, चंबूला असंख्य तडे गेलेत पण आकार जसाच्या तसा. तुकडे एकमेकांना धरून बसलेले.

त्याने शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. त्या चंबूत कधीकाळी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं. तेच सेल्युलोज नायट्रेट, ज्यापासून सिनेमाच्या जुन्या रिळा बनायच्या. चंबू नीट धुतला नव्हता. आतलं द्रावण उडून गेलं आणि काचेला आतून एक पारदर्शक पापुद्रा चिकटून राहिला. काच फुटली, पण पापुद्रा फाटला नाही, म्हणून तुकडे जागेवर राहिले.

त्याने चंबूवर चिठ्ठी लावली आणि तो बाजूला ठेवून दिला. विषय तिथंच थांबला.

हा विषय परत उघडला वर्तमानपत्रातल्या बातम्यांनी. पॅरिसच्या रस्त्यांवर तेव्हा मोटारगाड्या नव्या होत्या आणि अपघातही. पुढची काच म्हणजे घराच्या खिडकीला असते तीच साधी काच. गाडी कुठं धडकली की माणूस पुढे फेकला जायचा, डोकं काचेतून आरपार जायचं आणि फ्रेममध्ये उरलेल्या धारदार टोकांनी चेहरा आणि गळा कापला जायचा. धडकेने वाचलेला माणूस काचेने जायचा. अशा अपघातांत जखमी झालेल्यांबद्दल वाचताना बेनेदिक्त्युसला तो फळीवर ठेवलेला चंबू आठवला.

पुढची गोष्ट अशी सांगतात की, तो तडक प्रयोगशाळेत गेला, रात्रभर जागला, दाब द्यायला कागद दाबायचा प्रेस वापरला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पहिली जोडकाच तयार झाली. गोष्ट भारी आहे आणि स्वतः बेनेदिक्त्युसनेच ती लोकांपर्यंत पोचवली. पण साल बघितलं तर वेगळंच चित्र दिसतं. चंबू पडला १९०३ मध्ये, पेटंट घेतलं १९०९ मध्ये. सहा वर्षांचा हिशोब एका रात्रीच्या गोष्टीत बसत नाही. दोन काचा आणि मध्ये सेल्युलॉइड हे ऐकायला सोपं, पण मध्ये हवेचा एकही बुडबुडा न ठेवता त्या चिकटवणं हे भयंकर किचकट काम होतं. त्याने चिकटवायला जिलेटिन वापरलं.

आणि हो, ही कल्पना सुचलेला तो एकटा नव्हता. इंग्लंडमध्ये जॉन क्रू वूड नावाच्या माणसाने १९०५ मध्येच गाडीच्या काचेसाठी असंच पेटंट घेतलं होतं. त्याने दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या चिकाने जोडल्या होत्या. पण त्याचा धंदा काही चालला नाही. बेनेदिक्त्युसचं श्रेय त्यामुळे कमी होतं असं आम्हाला वाटत नाही, पण पहिला कोण असा वाद कुणी घातला तर हे माहीत असलेलं बरं.

बेनेदिक्त्युसने आपल्या काचेला नाव दिलं ट्रिप्लेक्स, म्हणजे तीन थरांची. १९११ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये या नावाने कंपन्या उभ्या राहिल्या.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? पुण्याजवळ तळेगावात १९०८ मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून वर्षाला एक एक पैसा गोळा करून उभारलेला हा फंड, त्याला लोकमान्य टिळकांचं पाठबळ आणि कारखान्याची जबाबदारी परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे. परदेशी काच येते ती थांबवायची आणि इथल्या पोरांना काच करायला शिकवायचं, ही तिथली लढाई. पॅरिसमध्ये काच फुटली तर काय याचा विचार चालू होता, तळेगावात मुळात काच आपली कधी होणार याचा.

तर ट्रिप्लेक्स बाजारात आली. आता गाडीवाल्या कंपन्यांनी उड्या मारायला पाहिजे होत्या, पण त्यांनी पाठ फिरवली. काच महाग होती. शिवाय उन्हात राहून मधलं सेल्युलॉइड पिवळं पडायचं आणि काही वर्षांत समोरचं धूसर दिसायला लागायचं. आणि खरं कारण म्हणजे, अपघातात माणूस मेला तर दोष ड्रायव्हरचा, असा त्या काळचा सरळ हिशोब होता. त्यासाठी कंपनीने पदरचे पैसे का घालायचे?

मग आलं पहिलं महायुद्ध. विषारी वायूपासून वाचण्यासाठी सैनिकांना मुखवटे लागले आणि त्या मुखवट्याच्या डोळ्यांच्या जागी फुटली तरी तुकडे डोळ्यात न जाणारी काच लागली. तिथं ट्रिप्लेक्स कामी आली. वैमानिकांच्या गॉगललाही तीच वापरली गेली. रस्त्यावरच्या माणसासाठी शोधलेली काच आधी युद्धावर गेली आणि तिथं पास झाल्यावर मग रस्त्यावर परत आली.

१९२७ च्या डिसेंबरमध्ये हेन्री फोर्डने मॉडेल ए गाडी बाजारात आणली, तिला पुढे जोडकाच होती. स्वस्त गाडीलाही ही काच परवडते हे त्यातून सिद्ध झालं आणि बाकीच्यांना मागे राहता येईना.

तोपर्यंत बेनेदिक्त्युस मात्र वेगळ्याच कारणाने नावाजला गेला होता. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं. आर्ट डेको हे नाव आलं ते याच प्रदर्शनावरून. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या ज्या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या, त्यांची शैली हीच. बेनेदिक्त्युस हा या शैलीतला मोठा माणूस. त्याने काढलेली कापडांची आणि गालिच्यांची नक्षी आजही संग्रहालयांत आहे. ‘व्हारिआसियों’ नावाचा त्याचा नक्षीकामाचा संग्रह १९२४ मध्ये आला, त्यानंतर आणखी दोन आले. त्यातला शेवटचा १९३० मधला.

त्याच वर्षी, २८ जानेवारी १९३० ला तो पॅरिसमध्ये वारला. वय अवघं ५१.

काच पिवळी पडण्याचा प्रश्न सुटलेला त्याने पाहिला नाही. १९३० च्या दशकात आधी सेल्युलोज ॲसिटेट आलं आणि दशक संपता संपता पीव्हीबी नावाचं प्लास्टिक आलं. ते उन्हाने पिवळं पडत नाही, ताणलं तरी पटकन फाटत नाही आणि डोकं आदळलं तर थोडं मागे सरकून झटका झेलतं. आजही तुमच्या गाडीत मध्ये असतं ते हेच. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर.

आपल्याकडे ही काच सर्रास यायला बराच उशीर लागला. जुन्या ट्रक-जीपवाल्यांना विचारा, दगड लागला की पुढची अख्खी काच साखरेसारखी मांडीवर सांडायची असं ते सांगतील. ती टफन्ड काच. तिचे बारीक, बोथट दाणे होतात, त्यामुळे कापत नाही, पण चालत्या गाडीत समोरचं दिसणंच बंद होतं आणि माणूस बाहेर फेकला जायला वाट मोकळी होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० मुळे पुढची काच जोडकाचच असावी हे ठरलं. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड चालतात.

आज या काचा आपल्या दारातच बनतात. चाकणला सेंट गोबेन सेक्युरिटचा कारखाना आहे, कंपनी मूळची फ्रान्सचीच. आणि गाड्या नियमात बसतात का हे तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, ही तर नगरमध्येच आहे.

आता तुमच्या तडकलेल्या काचेकडे येऊ. खूण नाण्यापेक्षा लहान असेल, काठापासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून ती थांबवता येते. त्यासाठी पहिल्याच दिवशी जायचं, रेघ पळायच्या आत. रेघ गेली की काच बदलणं आलं.

इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही, मात्र सक्तीची ठरलेली रक्कम आपल्या खिशातून जाते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १००० रुपये, त्यावर २०००. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, त्यामुळे स्वस्तातली काच असेल तर आधी बोनस किती बुडतो ते मोजा.

गॅरेजवाल्याने नवीन काच दाखवली की कोपऱ्यातला शिक्का वाचा. त्यावर आयएसआय मार्क आणि लॅमिनेटेड असं लिहिलेलं पाहिजे. गाडीच्या काचेमागे कॅमेरा असेल तर तो परत सेट करून घ्यायचा.

सगळ्यात जास्त घाई होते ती शेवटी. आताच्या गाड्यांत काच रबरात अडकवलेली नसते, पॉलीयुरेथेनच्या गमने बॉडीला चिकटवलेली असते. छताला बळ देण्यात आणि शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना तिला टेकू देण्यात या काचेचा वाटा असतो. गम ओला असताना गाडी काढली तर अपघातात अख्खी काचच निघून येऊ शकते, मग मधलं प्लास्टिक कितीही चांगलं असून उपयोग नाही. किती तास थांबायचं ते गमच्या डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. गाडी काढल्यावरही त्या दिवशी दार जोरात आपटू नका, खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि एक-दोन दिवस धुवायला नेऊ नका.