उजवे आणि डावे स्फटिक

फ्रान्सच्या पूर्व भागात ज्युरा पर्वताच्या प्रदेशात दोल नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई पाश्चर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पूर्वी नेपोलियनच्या सैन्यात होते. सैन्य सोडल्यावर कातडी कमावण्याच्या धंद्यावर ते आपला प्रपंच चालवीत. पुढे हे कुटुंब जवळच्या आर्ब्वा या गावी राहावयास गेले. लहानपणी लुईला चित्रकलेचा विलक्षण नाद होता. त्याने काढलेली आईवडिलांची रंगीत चित्रे पाहिली म्हणजे त्याच्या नजरेतून बारीकसारीक गोष्टही सुटत नसे, हे दिसून येते. ही तीक्ष्ण नजर त्याला पुढील आयुष्यात फार उपयोगी पडली.

सोळाव्या वर्षी लुईला शिक्षणासाठी पॅरिसला पाठविण्यात आले. परंतु घराच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला, की काही आठवड्यांतच वडिलांना त्यास परत आणावे लागले. तरीही त्याने विद्येची आस सोडली नाही. पॅरिसच्या विख्यात एकोल नॉर्माल या विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत १८४२ साली त्याला खालचा क्रमांक मिळाला, तेव्हा त्यावर समाधान न मानता त्याने पुन्हा परीक्षा दिली आणि १८४३ साली वरच्या क्रमांकाने प्रवेश मिळविला. ब्रोमीनचा शोध लावणारे बालार हे तेथे त्याचे गुरू होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत पाश्चर संशोधन करू लागले.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांपुढे एक कोडे पडले होते. द्राक्षांचे मद्य पिंपांत साठविले असता तळाशी एक क्षार साचतो. त्यापासून टार्टारिक आम्ल मिळते. त्याच्यासारखेच दुसरे एक आम्लही सापडले होते. त्यास रेसिमिक आम्ल म्हणत. दोहोंत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण अगदी सारखे होते. मित्शरलिख या नामवंत जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ साली असे जाहीर केले, की या दोन आम्लांच्या विशिष्ट क्षारांत सर्व बाबतींत साम्य आहे. फरक आहे तो एकच. ज्या प्रकाशाचे तरंग एकाच पातळीत कंप पावतात, त्यास ध्रुवित प्रकाश म्हणतात. टार्टारिक आम्लाचा क्षार पाण्यात विरघळवून त्यातून असा प्रकाश सोडला, तर प्रकाशाची पातळी उजवीकडे वळते. रेसिमिक आम्लाच्या क्षाराने ती मुळीच वळत नाही. घटक तेच, त्यांचे प्रमाण तेच, मग गुणधर्मात हा भेद कोठून आला?

पाश्चर यांनी दोन्ही क्षारांचे स्फटिक तयार करून ते बारकाईने तपासले. टार्टारिक क्षाराच्या प्रत्येक स्फटिकाच्या एकाच बाजूस काही लहान तिरप्या कडा होत्या. रेसिमिक क्षाराच्या स्फटिकांवर त्या नसतील, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु तेथेही त्या होत्याच! मात्र काही स्फटिकांवर त्या उजवीकडे, तर काहींवर डावीकडे होत्या. एक स्फटिक दुसऱ्याचे जणू आरशातील प्रतिबिंबच होता. पाश्चर यांनी चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग निराळे केले. उजव्या स्फटिकांच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळला; डाव्यांच्या द्रावणाने तितकाच डावीकडे वळला. दोन्ही समभाग एकत्र केले, तेव्हा तो वळेनासा झाला. हे घडले १८४८ साली. पाश्चर तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या आईचे निधन झाले.

एका अपरिचित तरुणाने थोर शास्त्रज्ञाच्या नजरेतून निसटलेली गोष्ट पाहिली, यावर सहजासहजी कोण विश्वास ठेवणार? जाँ बातिस्त बियो या चौऱ्याहत्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाने या विषयात आपले आयुष्य वेचले होते. त्यांनी पाश्चर यांना बोलावून घेतले, स्वतः तपासलेले रेसिमिक आम्ल त्यांच्या हाती दिले आणि आपल्या देखत प्रयोग करावयास लावला. द्रावण आपल्याच ताब्यात ठेवून ते सावकाश आटू दिले. स्फटिक तयार झाल्यावर पाश्चर यांनी ते निवडून दिले. पुढील द्रावणे बियो यांनी स्वतःच्या हातांनी केली. प्रथम त्यांनी डाव्या स्फटिकांचे द्रावण उपकरणात ठेवले. प्रकाश डावीकडे वळलेला दिसताच त्या वृद्ध संशोधकाचे अंतःकरण भरून आले व त्यांनी पाश्चर यांचा हात हाती घेतला. त्या दिवसापासून ते पाश्चर यांचे खंबीर पाठीराखे झाले.

द्रावणात स्फटिक उरत नाही. तरीही प्रकाश वळतो. याचा अर्थ, उजवे-डावेपण स्फटिकात नव्हे तर त्याहून सूक्ष्म अशा रेणूतच असले पाहिजे, असे अनुमान पाश्चर यांनी काढले. उजव्या व डाव्या पायांतील वहाणांचे कातडे एकच असते, मापही एकच असते. तरी एक दुसरीच्या जागी चालत नाही. रेणूंचेही तसेच आहे. पुढे १८७४ साली व्हांट हॉफ व ल बेल यांनी कार्बनच्या अणूभोवती चार निरनिराळे गट दोन प्रकारे कसे रचले जातात, हे दाखवून या अनुमानास भक्कम आधार दिला.

काही वर्षांनी पाश्चर यांना आणखी एक चमत्कार आढळला. रेसिमिक क्षाराच्या द्रावणात बुरशी वाढू दिली असता तिने केवळ उजवे रेणू खाल्ले, डावे तसेच ठेवले. सजीवांना रेणूंच्या रचनेतील हा भेद कळतो, हे पाहून त्यांचे लक्ष सूक्ष्मजीवांकडे वळले. आंबण्याची क्रिया, रोगजंतू आणि लसी यांवरील त्यांचे कार्य जगाला ठाऊक आहे. तीन मुलींचा अकाली मृत्यू आणि १८६८ साली झालेला पक्षाघात सोसूनही त्यांनी काम थांबविले नाही. १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या मुलास त्यांनी लस दिली व तो वाचला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आपल्या स्वयंपाकघरातील चिंचेच्या आंबटपणातही तेच उजवे टार्टारिक आम्ल असते. पुदिन्याचा आणि शेपूच्या बियांचा वास भिन्न, पण ते वास देणारे मुख्य रेणू एकमेकांची प्रतिबिंबेच होत. आपल्या शरीरातील प्रथिनेही बहुतांशी एकाच हाताच्या घटकांनी बांधलेली आहेत. निसर्गाच्या या रहस्याचे द्वार प्रथम उघडले, ते चिमट्याने स्फटिक निवडणाऱ्या पाश्चर यांनीच.