संगीतसेवक सेझार फ्रांक यांचे चरित्र

महोत्सवाच्या मंगलप्रसंगी देवालयाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, वेदी कोणी उभारली, यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु वरच्या सज्जात, लोकांच्या दृष्टीआड बसून जो मिस्साविधीस सुरांची साथ देतो, त्याचे नाव क्वचितच कोणाच्या मुखी येते. अशाच एका संगीतसेवकाचे चरित्र धर्मग्रामस्थांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

सेझार फ्रांक यांचा जन्म १० डिसेंबर १८२२ रोजी, आज बेल्जियम देशात असलेल्या लिएज शहरी झाला. पुत्राच्या अंगची बुद्धी पाहून पित्याच्या मनात धनाची व कीर्तीची हाव उत्पन्न झाली. बाल सेझारने पियानो वाजवून गावोगाव टाळ्या मिळवाव्या, एवढाच त्याचा ध्यास. १८३५ साली हे कुटुंब पॅरिसला आले. तेथील संगीत विद्यालयात सेझार उत्तम विद्यार्थी ठरले. परंतु १८४२ साली पित्याने त्यांस तेथून काढून पुन्हा जलशांस जुंपले. पुढे विवाहाच्या प्रश्नावरून पितापुत्रांत तेढ पडली व सेझार यांनी घर सोडले. २२ फेब्रुवारी १८४८ रोजी फेलिसिते या वधूशी त्यांचा विवाह झाला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये क्रांतीचा भडका उडाला होता. वधूवरांस रस्त्यातील अडथळे ओलांडून देवालयात जावे लागले, असे सांगतात. जलशांतील मानमरातब मागे राहिला आणि शिकवण्या करून मीठभाकर मिळविणे व देवालयात वाद्य वाजविणे, हा मार्ग त्यांनी पत्करला.

१८५८ साली पॅरिसच्या संत क्लोटिल्ड देवालयात त्यांची नेमणूक झाली. पुढील वर्षी तेथे कावाये-कोल या निष्णात कारागिराने घडविलेला भव्य ऑर्गन बसविण्यात आला. आपल्या बाजाच्या पेटीत भात्याचा वारा लहानशा पितळी पट्ट्यांतून वाहतो. या वाद्यात तो शेकडो नळ्यांतून वाहतो. हातांसाठी पट्ट्यांच्या तीन ओळी, शिवाय पायांसाठी निराळी ओळ, असा त्याचा थाट होता. या वाद्यापाशी फ्रांक यांनी मरेपर्यंत, सुमारे ३१ वर्षे, सेवा केली.

ऑर्गनसाठी त्यांनी केलेल्या थोर रचना संख्येने थोड्या, म्हणजे बाराच आहेत. पहिल्या सहा १८६८ साली छापल्या गेल्या. त्यांपैकी ‘प्रार्थना’ ही रचना त्यांनी आपले वृद्ध गुरुजी बेन्वा यांस अर्पण केली. तीन रचना १८७८ च्या व शेवटच्या तीन १८९० च्या. १८६६ साली विख्यात संगीतकार फ्रांझ लिस्ट यांनी त्यांचे वादन त्या सज्जातच ऐकले आणि थोर बाख यांच्याशी त्यांची तुलना केली. आपल्यापैकी अनेकांनी परमप्रसादाच्या वेळी ऐकलेले ‘पानिस आंजेलिकुस’ हे गीत त्यांनीच १८७२ साली स्वरबद्ध केले. त्याचे शब्द संत थॉमस अक्वायनस यांचे आहेत.

त्याच वर्षी ते बेन्वा गुरुजींच्या जागी विद्यालयात ऑर्गनचे प्राध्यापक झाले. शिष्यांचा त्यांच्यावर अपार लोभ होता. जगाने मात्र त्यांस फारसे ओळखले नाही. पहाटे उठून एक-दोन तास स्वतःच्या रचनांस द्यावे आणि मग दिवसभर शिकवण्यांसाठी पायपीट करावी, हा त्यांचा नित्यक्रम. प्रभूच्या आठ धन्यवचनांवर त्यांनी १८६९ ते १८७९ अशी दहा वर्षे खपून एक महान कृती सिद्ध केली; पण तिचा संपूर्ण जाहीर प्रयोग त्यांच्या हयातीत झाला नाही. १८८९ साली त्यांची सिंफनी प्रथम वाजविली गेली, तेव्हाही पुष्कळांनी नाके मुरडली. त्यामुळे त्यांच्या मनास कडवटपणा शिवला नाही, की रविवारच्या सेवेत खंड पडला नाही.

१८९० साली घोडागाडीच्या अपघातात त्यांस दुखापत झाली. प्रकृती खालावत असताही त्या उन्हाळ्यात व शरदाच्या आरंभी त्यांनी ‘कोराल’ नामक तीन रचना पूर्ण केल्या. त्यांत जुन्या स्तोत्राची चाल घेतलेली नाही. चाल त्यांची स्वतःचीच. ती प्रथम हळुवार प्रकटते आणि अनेक रूपे धारण करते. ८ नोव्हेंबर १८९० रोजी फ्रांक प्रभूच्या सन्निध गेले. ते तिन्ही कोराल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. आज ऑर्गनचे अभ्यासक त्यांस अमूल्य ठेवा मानतात. १९०४ साली त्यांचे स्मारक त्याच देवालयासमोर उभारण्यात आले. त्यात वाद्यापाशी बसलेल्या फ्रांक यांच्या मागे देवदूत वाकून उभा आहे.

बंधुभगिनींनो, पित्याने ज्या टाळ्यांसाठी पुत्रास राबविले, त्या विरून गेल्या. सज्जातील अबोल सेवा मात्र टिकली. आपल्याही देवालयात गायनवृंदातील कित्येक सेवकांनी, कोणी नाव न घेता, विवाहाला व अंत्यविधीला, उन्हात व पावसात, सुरांची साथ दिली आहे. या महोत्सवात त्यांच्यासाठी एक प्रार्थना अवश्य करावी. त्यांतील जे जिवंत आहेत त्यांस प्रभू बळ देवो, व जे निवर्तले त्यांस स्वर्गीय गायनवृंदात स्थान देवो.