वाचनालयाचे दार आणि अँड्र्यू कार्नेगी

आपल्या गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या प्रवेशद्वाराचे नूतनीकरण माजी विद्यार्थ्यांनी मिळून करून द्यावे, असा विचार या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने पुढे आला आहे. अशा वेळी एका माणसाचे चरित्र मुद्दाम आठवावेसे वाटते. पोलादसम्राट आणि दानशूर म्हणून अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. जगभरात अडीच हजारांहून अधिक वाचनालये त्यांच्या पैशांतून उभी राहिली. पण वाचनालयाच्या दाराशी अडवले जाणे म्हणजे काय असते, हेही त्यांनी लहान वयात अनुभवले होते.

कार्नेगी यांचा जन्म 1835 साली स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन या गावी झाला. वडील हातमागावर तलम कापड विणत. वाचनाची आवड असलेल्या काही विणकरांनी आपापली पुस्तके एकत्र करून गावात एक छोटे वाचनालय चालवले होते, त्यांत ते एक होते. गावालगत पिटनक्रीफ नावाची सुंदर जहागीर होती. वर्षातून एकदा तिचे फाटक गावकऱ्यांसाठी उघडत असे. मात्र अँड्र्यूच्या आजोळच्या मंडळींचे जहागीरदाराशी भांडण असल्यामुळे त्या घरच्या मुलांना आत प्रवेश नव्हता. पुढे यंत्रमाग आले, हातमाग बसले, आणि 1848 मध्ये हे कुटुंब उसने पैसे घेऊन अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी गावी गेले.

तेथे तेरा वर्षांचा अँड्र्यू कापडगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरहून कमी मजुरीवर लागला. नंतर तारखात्यात तारा पोहोचवणारा पोऱ्या झाला. शाळा कायमची सुटली होती. त्याच गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या संग्रहात सुमारे चारशे पुस्तके होती. दर शनिवारी ते कामकरी मुलांना एकेक पुस्तक घरी नेऊ देत. अँड्र्यूची खरी शाळा हीच ठरली.

पुढे या वाचनालयाचा विस्तार झाला आणि व्यवस्थापकांनी नवा नियम केला. कारागिराकडे रीतसर उमेदवारी करणाऱ्या मुलांना पुस्तके फुकट. इतरांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत. तारेवाला पोऱ्या हा उमेदवार नव्हे, म्हणून अँड्र्यूकडे वर्गणी मागण्यात आली. घरची ओढग्रस्त पाहता दोन डॉलर ही मोठी रक्कम होती. सतरा वर्षांच्या त्या मुलाने 1853 मध्ये स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिले. देणगीदाराचा हेतू सर्व कामकरी मुलांसाठी होता, असा त्याचा मुद्दा होता. वादावादी झाली, शेवटी नियम सैल झाला आणि त्याला प्रवेश मिळाला.

त्यानंतरची हकिगत प्रसिद्ध आहे. रेल्वेतील नोकरी, गुंतवणूक, लोखंडी पूल आणि मग पोलाद. 1901 मध्ये त्यांनी आपला उद्योग जे. पी. मॉर्गन यांच्या गटाला 48 कोटी डॉलरला विकला. त्याआधीच त्यांचे दान सुरू झाले होते. पहिले वाचनालय त्यांनी जन्मगावी दिले. 1881 मध्ये त्याची कोनशिला त्यांच्या आईच्या हस्ते बसली आणि 1883 मध्ये ते उघडले. दारावर आपले नाव किंवा मानचिन्ह नको, उगवत्या सूर्याचे किरण कोरा, असे त्यांनी सुचवले. ज्या पिटनक्रीफच्या फाटकातून त्यांना आत सोडत नसत, ती जहागीरच त्यांनी 1902 मध्ये विकत घेतली आणि गावाला उद्यान म्हणून देऊन टाकली.

वाचनालय देताना त्यांच्या अटी साध्या होत्या. जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून खर्चासाठी ठेवायची. आराखड्यांवर त्यांचे चिटणीस जेम्स बर्ट्रॅम कडक नजर ठेवत. उगाच घुमट आणि खांबांवर पैसा घालवणे त्यांना मान्य नसे. 1911 मध्ये त्यांनी बांधकामाविषयी छापील सूचनाच काढल्या. तळघराला उजेड मिळावा म्हणून ते जमिनीखाली सुमारे चारच फूट असावे, असे त्यांत होते. साहजिकच मुख्य मजला उंच गेला आणि दारापुढे पायऱ्या आल्या. ज्ञानाकडे चढून जायचे, असा अर्थही लोकांनी त्या पायऱ्यांना दिला.

पण या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1892 मध्ये होमस्टेड येथील त्यांच्या कारखान्यात संप झाला. कंपनीने खासगी सशस्त्र पहारेकरी आणले आणि झालेल्या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे ठार झाली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. कामगार संघटना मात्र मोडली गेली. 1898 मध्ये तेथे भव्य वाचनालय उभे राहिले. बारा बारा तास भट्टीपाशी राबणाऱ्याने त्यात जायचे केव्हा, हा प्रश्न कामगारांनी तेव्हाच विचारला. अटलांटातील कार्नेगी वाचनालय 1902 मध्ये उघडले, तेव्हा कृष्णवर्णीयांना तेथे मज्जाव होता. विद्वान प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. द्यूबॉइस विश्वस्तांपुढे गाऱ्हाणे घेऊन गेले, पण दार उघडले नाही. ते उघडायला 1959 साल उजाडले. दोन डॉलरच्या नियमाविरुद्ध लढलेल्या माणसाने दान देताना सर्वांना प्रवेश देण्याची अट घातली नव्हती.

कार्नेगी 11 ऑगस्ट 1919 रोजी वारले. आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यांनी हयातीतच वाटून टाकला होता. कर्नल अँडरसन यांना ते विसरले नाहीत. ॲलेघेनीच्या वाचनालयाबाहेर 1904 मध्ये त्यांनी कर्नलांचे स्मारक उभारले. त्यात ऐरणीवर बसून पुस्तक वाचणारा कामगार दाखवला आहे. 1960 च्या दशकात परिसराच्या पुनर्बांधणीत ते स्मारक मोडून काढले गेले. गावातील जाणत्या लोकांनी पाठपुरावा केला आणि 1988 मध्ये ते पुन्हा उभे राहिले.

त्या पायऱ्यांचेही पुढे काम निघाले. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला, म्हाताऱ्या वाचकाला, बाळाची गाडी ढकलत येणाऱ्या आईला त्या अडसर ठरत होत्या. अमेरिकेत 1990 मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाल्यावर अनेक कार्नेगी वाचनालयांनी दर्शनी भाग जपून बाजूने उतरता मार्ग केला, कोठे उद्वाहन बसवले, कोठे जमिनीच्या पातळीवर नवे दार काढले.

आपल्याकडेही हा वारसा पोहोचलेला आहे. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालये पाहून 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यास आणले आणि सर्वांना मोफत वाचनाची सोय संस्थानभर नेली.

म्हणून आपल्या वाचनालयाच्या दाराचे काम काढताना कमान, रंग आणि देणगीदारांचा फलक यांच्याआधी काही गोष्टींची यादी करावी, असे सुचवावेसे वाटते. पायऱ्यांशेजारी उतरता मार्ग आणि हाताला धरायला कठडा होईल का? कामावरून सुटलेल्या माणसाला संध्याकाळी दार उघडे मिळेल का? अनामत रक्कम भरू न शकणाऱ्या मुलासाठी काही सोय आहे का, आणि ती बाहेरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गवंडी देईल. उरलेल्या दोहोंसाठी आपल्यालाच वाचनालयाच्या कार्यकारिणीशी बसून बोलावे लागेल, आणि हे बोलणे काम सुरू होण्याआधी व्हावे.