हकीम इब्न सीना यांचे पथ्य

हिजरी ४२८ चा रमजान, म्हणजे इ. स. १०३७ चा उन्हाळा. इराणमधील हमदान शहरात एका आजारी हकिमाने स्वतःवरचे उपचार थांबवले. वय अवघे ५७. निरोगी कसे राहावे हे ज्यांनी कित्येक पिढ्यांना शिकवले, ते हे अबू अली इब्न सीना.

जन्म ९८० चा, बुखाऱ्याजवळचा, आजच्या उझबेकिस्तानातला. दहाव्या वर्षी कुरआन मुखोद्गत. सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे वैद्यक शिकायला मोठमोठे लोक येऊ लागले. बुखाऱ्याचा सुलतान नूह बिन मन्सूर आजारी पडला तेव्हा या पोरसवदा हकिमालाही बोलावणे आले. सुलतान बरा झाला आणि इब्न सीनांनी शाही ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मागितली.

त्यांचा ‘अल-कानून’ हा पाच भागांचा ग्रंथ. वैद्यकाचे काम रोग बरा करणे एवढेच नाही, असलेले आरोग्य टिकवणे हेही आहे, अशी त्याची सुरुवातीचीच मांडणी. हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल व आराम, मनाची चलबिचल व शांतता, झोप व जागरण आणि शरीरातून काय बाहेर जावे, काय राहावे, या सहा गोष्टी सांभाळाव्यात. युनानीचे विद्यार्थी आजही त्यांना ‘असबाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणून शिकतात. रोजच्या आरोग्यासाठी हकिमांनी आधी व्यायाम, मग आहार, मग झोप असा क्रम लावला. खरी भूक लागल्यावरच जेवावे, थोडी भूक शिल्लक असतानाच हात आखडावा, एकाच जेवणात नाना पदार्थांची गर्दी करू नये. इफ्तारला भजी, फळे, सरबत आणि बिर्याणी एकाच बैठकीत संपवणाऱ्यांना हे फारसे रुचणार नाही!

पण खुद्द हकिमांना तरी कुठे जमले? दिवसा दरबाराची चाकरी, रात्री शिष्यांसोबत ग्रंथलेखन. झोप येऊ लागली की मद्याचा पेला घ्यायचा, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हमदानमध्ये ते वजीर झाले, तर सैनिकांनी घर लुटून त्यांचा जीव मागितला. ४० दिवस लपून काढले. पुढे किल्ल्यात चार महिने कैद, मग सूफीच्या वेषात इस्फहानला पलायन. सहा गोष्टींतली झोप गेली, आराम गेला, मनाची शांतता तर कधीच गेली होती.

अखेरीस पोटशूळाने गाठले. लष्कराच्या मुक्कामात मागे पडू नये म्हणून त्यांनी घाईघाईने एका दिवसात आठ वेळा एनिमा घेतला. आतड्याला जखम झाली. त्यात औषधात अजमोद्याचे बी प्रमाणाबाहेर पडले. चुकून की मुद्दाम, हे शिष्य जूझजानी यालाही कळले नाही. थोडे बरे वाटले की पथ्य मोडायचे, पुन्हा आजारी पडायचे, असे चालले होते.

हमदानला पोहोचल्यावर शक्ती संपल्याचे त्यांनी ओळखले. औषधे बंद केली, गुलामांना मुक्त केले, गरिबांना दान दिले, ज्यांचे देणे होते त्यांचे फेडले. दर तीन दिवसांनी कुरआनचे एक पठण पूर्ण करू लागले. त्याच रमजानमध्ये त्यांचे निधन झाले. कबर हमदानलाच आहे.