दगडफुलांचा उपासक : विल्यम निलांडर

(बी. ए. भाग २)

वऱ्हाडात मसाला कुटायला घेतला की त्यात दगडफूल हवेच. पण या वाळक्या पापुद्र्याच्या कुळासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले आणि त्यातूनच हवेची शुद्धता पारखण्याची युक्ती जगाला मिळाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही या माणसाच्या चरित्राने मला भारून टाकले.

विल्यम निलांडर यांचा जन्म ३ जानेवारी १८२२ रोजी फिनलंडमधील औलू येथे झाला. त्या काळी फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती. १८४७ साली ते वैद्यकीची पदवी घेऊन डॉक्टर झाले. दवाखाना थाटून सुखात राहता आले असते. पण मन रमले ते मुंग्यांत आणि दगडफुलांत! १८५७ साली ते हेलसिंकी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. सहाच वर्षांनी ती मानाची जागा सोडून ते पॅरिसला गेले, ते कायमचेच.

तेथे लक्झेंबर्ग नावाची मोठी बाग आहे. तिच्यातील झाडांच्या सालींवर दगडफुलांच्या अनेक जाती त्यांना आढळल्या. शहराच्या इतर भागांतील झाडे मात्र जवळजवळ उघडी होती. पाऊस तोच, ऊन तेच. मग फरक कशाचा? फरक हवेचा, हे त्यांनी ओळखले आणि १८६६ साली तसे लिहून प्रसिद्ध केले. दगडफुलाला मुळे नसतात. पाणी आणि अन्न ते सर्वांगाने हवेतूनच घेते. त्याबरोबर धुरातले विषही घेते. कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू त्यातील हरितद्रव्य नष्ट करतो. झुडपासारख्या जाती आधी मरतात, सालीला घट्ट चिकटलेल्या जाती जास्त तग धरतात. म्हणून कोणत्या जाती उरल्या, यावरून हवेची प्रत कळते.

एवढ्या सूक्ष्म नजरेचा हा माणूस एका बाबतीत मात्र हटून बसला. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, हे श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने त्याच दशकात सांगितले. निलांडर यांनी ते अखेरपर्यंत मानले नाही. पुढे कित्येकांशी त्यांचे बिनसले आणि ते एकटे पडले. काम मात्र थांबले नाही. १८९६ साली त्यांनी नोंदविले, की लक्झेंबर्ग बागेतील दगडफुलेही नाहीशी झाली आहेत. ज्यांच्यामुळे शोध लागला त्यांचाच अंत पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली! २९ मार्च १८९९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ५०,००० हून अधिक नमुन्यांचा संग्रह हेलसिंकीत जपून ठेवला आहे.

१९७० साली हॉक्सवर्थ व रोज यांनी याच तत्त्वावर इंग्लंड-वेल्समधील हवेची दहा पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. पुढे धूर घटला तशी पॅरिसच्या बागेतही दगडफुले परतली. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांचा अभ्यास झाला आहे.

आपल्या भागात मात्र एक सावधगिरी हवी. चिखलदऱ्याला झाडांवर दगडफुले दिसतात आणि अकोल्याला दिसत नाहीत, एवढ्यावरून अकोल्याची हवा वाईट ठरत नाही. तिथले रखरखते ऊनही त्याला कारण असू शकते. निलांडर यांनी एकाच शहरातील झाडांची तुलना केली, हे विसरता कामा नये.

मित्रहो, माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील वर्षानुवर्षे कोळशाच्या वखारीत राबले. त्यांच्या छातीत काय साठले, ते कुणी कधी मोजले नाही. हवा मोजायची यंत्रे महागडी असतात आणि ती गरिबाच्या दारी येत नाहीत. झाडाची साल मात्र सर्वांना वाचता येते. वाचायला शिकवणारा हवा. निलांडर यांचे मोठेपण मला यातच दिसते. त्यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!