नितळ पाण्याच्या विहिरीनं ६१६ जीव घेतले, एका डॉक्टरनं तिच्या हापशाचा दांडाच काढायला लावला

विहिरीचं पाणी वर काढलं की आपण काय बघतो? नितळ आहे का, वास येतो का, चव गोड आहे का. सगळं ठीक वाटलं की पाणी चांगलंच असणार असं म्हणून पिऊन मोकळे होतो.

१८५४ साली लंडनची माणसंही हेच करत होती.

तिथल्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर एक विहीर होती, तिच्यावर हापसा बसवलेला. त्या पाण्याची चव लोकांना एवढी आवडायची की, दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एक बाई तिथूनच बाटली भरून मागवायच्या.

३१ ऑगस्टला या भागात कॉलऱ्याची साथ उसळली. पहिल्या तीन दिवसांत १२७ माणसं गेली. साथ संपेपर्यंत आकडा झाला ६१६.

कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानायचे. म्हणून वास मारायला रस्त्यांवर चक्क क्लोराइड ऑफ लाइम टाकलं गेलं. म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर.

औषध रस्त्यावर पडत होतं आणि रोग होता विहिरीत.

हे ओळखलं डॉ. जॉन स्नो यांनी.

१८१३ साली यॉर्कमध्ये एका मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते थोरले. १४ व्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरच्या हाताखाली शिकायला गेले. तिथंच कोळसा खाणीच्या वस्तीत त्यांनी पहिल्यांदा कॉलरा बघितला. पुढं लंडनमध्ये भूल देण्यात त्यांचं मोठं नाव झालं. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला तो त्यांनीच.

कॉलरा पाण्यातून होतो हे त्यांनी १८४९ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आता त्यांनी ब्रॉड स्ट्रीटचं पाणी तपासलं. ठोस काही सापडलं नाही. मग ते मेलेल्यांची यादी घेऊन घरोघर फिरले. बहुतेकजण याच हापशाचं पाणी पिणारे निघाले. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले होते, ते बिअर प्यायचे आणि भट्टीची विहीरही वेगळी होती. उलट हॅम्पस्टेडच्या त्या बाई गेल्या, जिथं दुसरा कुणाला कॉलरा नव्हता.

७ सप्टेंबरला स्नो यांनी हे सगळं स्थानिक मंडळापुढं मांडलं. दुसऱ्याच दिवशी हापशाचा दांडा काढला गेला. तोपर्यंत साथ ओसरायला लागली होती हेही खरं, पण त्या विहिरीतून पुन्हा रोग पसरायची वाट बंद झाली.

पुढं तिथले पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी मूळ शोधलं. विहिरीपासून तीन फुटांच्या आत एका घराचा मैल्याचा खड्डा होता. आजारी तान्ह्या बाळाचे कपडे धुतलेलं पाणी त्यात ओतलं जायचं आणि ते विहिरीत झिरपत होतं.

तरीही सरकारनं स्नो यांचं म्हणणं मान्य केलं नाही. १८५८ साली, अवघ्या ४५ व्या वर्षी ते गेले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू नक्की केला आणि स्नो बरोबर ठरले.

आज महाराष्ट्रात गावच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल म्हणजे तीच पावडर, आता योग्य जागी.

तुमच्या घरी विहीर असेल तर ती शौचखड्ड्यापासून किमान ५० फूट लांब हवी. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते, ती टाकल्यावर तासभर थांबा. शंका असेल तर पाणी उकळूनच प्या.

कारण ब्रॉड स्ट्रीटचं पाणीही चवीला चांगलंच होतं.