गॅरी किल्डॉल : एक प्रोग्रॅम, अनेक यंत्रे

सिएटल येथे १९४२ साली जन्मलेले गॅरी किल्डॉल कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात संगणकशास्त्र शिकवीत. १९७४ मध्ये त्यांनी ‘सीपी/एम’ ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली आणि पत्नी डोरोथी यांच्यासह कंपनी स्थापन केली. त्या काळी प्रोसेसर एकच असला तरी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची जुळणी निराळी असे. किल्डॉल यांनी यंत्राशी थेट संबंध येणारा भाग अलग केला व त्याला ‘बायॉस’ हे नाव दिले. नव्या यंत्रासाठी तेवढाच भाग नव्याने लिहायचा. ‘वर्डस्टार’सारखा प्रोग्रॅम अनेक कंपन्यांच्या संगणकांवर चालू लागला तो यामुळेच. फ्लॉपीचा पेच मात्र सुटला नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीवरील मांडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी. तेव्हा एकच प्रोग्रॅम नाना प्रकारच्या फ्लॉपींवर भरून विकावा लागे. पुढे आयबीएमच्या पीसीसाठी डॉस ४० डॉलरना, तर सीपी/एम-८६ तब्बल २४० डॉलरना विकली जाऊ लागली. ग्राहकांनी स्वस्त तेच घेतले. विमान उडवण्याच्या नादात किल्डॉल यांचा आयबीएमशी सौदा हुकल्याची दंतकथा सर्वतोमुखी झाली. किमतीतील ही तफावत त्यामानाने दुर्लक्षित राहिली. १९९१ मध्ये त्यांची कंपनी नॉव्हेलने विकत घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, किल्डॉल यांचे निधन झाले.